उद्या ठाऊक नसलेला वाचक

आमच्या जुळे सोलापूरच्या घरी इमू, म्हणजे शहामृगासारखा तो उंच पक्षी, राहायला आला, त्या दुपारी अप्पांनी पाटावर बसता बसता मथळा दिला : "शहरात परदेशी पाहुणा, नागरिकांत घबराट, पाहुणाही घाबरलेला." आईनं आमटी वाढता वाढता क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "एक कॉलम. तोही आतल्या पानावर."

ही आमच्या घरची रीत होती. अप्पा, म्हणजे रत्नाकर काटीकर, 'दैनिक भीमाकाठ'मध्ये मथळे द्यायचे. बातमी वार्ताहराची असे, पण तिच्या डोक्यावर काय बसायचं ते अप्पा ठरवत, आणि ही सवय घरी आल्यावर चपलांबरोबर बाहेर राहत नसे. वांगी लागोपाठ तिसऱ्यांदा झाली की "वांग्यांची हॅटट्रिक, विरोधकांचा सभात्याग". माझं लग्न ठरलं तेव्हा "मंजिरी पुण्याला, आनंद आहे, वडिलांचा दावा". मथळा अप्पांनी द्यायचा आणि तो किती कॉलमांत छापायचा ते आईनं सांगायचं. आईचा हात फार आखडता. माझ्या लग्नाला तिनं दोन कॉलम दिले, आणि दोनच्या वर ती कधी गेली नाही. आठ कॉलम, म्हणजे पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंतचा मथळा, आमच्या घरात कशालाच मिळाला नव्हता. अप्पा म्हणत, विमल संपादक झाली असती तर महायुद्धाची बातमी राशिभविष्याच्या शेजारी गेली असती.

या एवढ्या जाणत्या माणसानं जन्मभर ज्या ज्या ठिकाणी पैसे घातले, तिथे तिथे ते बुडाले. आधी सागवान आलं. सागाची रोपं कुठल्याशा डोंगरावर कंपनी लावणार, वीस वर्षांनी आपण नुसतं लाकूड मोजायचं, अशी ती योजना होती. त्या जंगलातून आमच्या वाट्याला आली ती प्रमाणपत्राची चौकट, तीही प्लायवूडची. मग सफेद मुसळी आली. तिला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून अख्खा हिवाळा आम्ही ती दुधातून प्यायलो. मग व्हॅनिला आली. सोलापूरच्या उन्हात व्हॅनिलाच्या वेलीनं जे केलं ते कुणीही केलं असतं. ती मेली.

'भीमाकाठ'च्या कचेरीत यावर एक विनोद होता. काटीकर रात्री स्वतः मथळा रचतात आणि सकाळी तो छापून आला की स्वतःच फसतात, असा. आम्ही भावंडंही तेच समजत होतो.

इमूच्या वेळी मात्र घरात कुणी फारसं हसलं नाही. २०१०च्या ऑगस्टमध्ये अप्पा निवृत्त झाले. माझ्या थोरल्या भावाला, हेमंतला, तेव्हा चिंचोळीच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप टाकायचं होतं. शेड बघून झाली होती, बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त सुरुवातीची रक्कम आपली लागणार होती. त्यानं ती अप्पांकडे तोंड उघडून मागितली नव्हती, पण शेडच्या दारावर कोणता रंग द्यायचा हे तो जेवताना बोलायचा, म्हणजे मागितल्यासारखंच होतं. अप्पांनी फंडाचे पैसे इमू पाळणाऱ्या एका कंपनीत घातले. विकणारा घरचाच होता : अंबादास म्हमाणे, 'भीमाकाठ'चे जुने मुद्रितशोधक. शुद्धलेखन तपासायचं सॉफ्टवेअर आल्यावर त्यांना घरी बसवलं गेलं होतं आणि ते इमूच्या कंपनीचे एजंट झाले होते.

दोन वर्षांत कंपनीचा चेअरमन पळाला. पिंजऱ्यांतले पक्षी राहिले, आणि त्यातला आमच्या हिश्शाचा एक टेम्पोत बसून आमच्या परसात आला. आम्ही त्याचं नाव चेअरमन ठेवलं, निदान एक तरी हाती लागला म्हणून. त्यानं शेजारच्या काकूंचं जोडवं गिळलं, आईच्या कुंड्यांतली तुळस तीनदा संपवली, आणि अप्पा पेपर वाचायला बसले की तो त्यांच्या खांद्यावरून मान पुढे काढून उभा राहायचा. तो गेला तेव्हा अप्पांनी मथळा दिला नाही.

हेमंतदादा चिंचवडला नोकरीला लागला तो कायमचा. अप्पांशी तो भांडला नाही, तेच वाईट झालं. दिवाळीला यायचा, औषधं आणायचा, छताची गळती बघायचा. फक्त अप्पांनी जेवताना मथळा दिला की तो ताटातलं बघत राहायचा. अप्पा एकदा त्याच्याकडे बघत, मग आईकडे, आणि आई हळूच म्हणे, "अर्धा कॉलम."

गेल्या वर्षी अप्पा गेले. दहाव्याला सागवानवाले आले, व्हॅनिलावाले आले, आणि काठी टेकत अंबादासकाका आले. सगळ्यांत जास्त तेच रडले. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बुडवणारे मात्र सगळे वेळेवर आले बघ."

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे 'आजवर' नावाचं यंत्र आहे. भाषा शिकलेली यंत्रं आता घरोघरी आहेत. ती सगळं वाचून बसलेली असतात आणि म्हणूनच जुन्या काळाबद्दल विचारलं की ती निकाल ठाऊक असलेल्या प्रेक्षकासारखी बोलतात. कोण जिंकणार ते माहीत असलं की पहिल्या चेंडूपासूनच तसं दिसायला लागतं. 'आजवर' वेगळं आहे. एक तारीख ठरवायची, आणि त्या तारखेपर्यंत छापलं गेलेलंच त्याला वाचू द्यायचं : वर्तमानपत्रं, पुस्तकं, सरकारी राजपत्रं, जाहिराती, बाजारभाव. नंतरचं एक अक्षरही नाही. प्रत्येक महिन्यासाठी असं वेगळं यंत्र शिकवावं लागतं. ते कुणाचं भूत नाही की कुणाची नक्कल नाही. तो त्या दिवशीचा एक चांगला वाचक आहे, ज्यानं उद्याचा पेपर अजून पाहिलेला नाही.

ते बनलं न्यायालयांसाठी. पूल पडला, औषध बाधलं, की प्रश्न येतो : त्या दिवशी शहाण्या माणसाला हे कळणं शक्य होतं का? पण मग घरगुती प्रश्न घेऊन लोक येऊ लागले, आणि त्यातच आमची प्रयोगशाळा नावारूपाला आली. कोथरूडचा फ्लॅट तेव्हा घ्यायला हवा होता की नाही, यावर चाळीस वर्षं भांडलेली जोडपी येत. सांगलीचे एक आजोबा आले होते. एका गिरणीचे शेअर विकू नका असं त्यांनी भावाला सांगितलं होतं, भाऊ ऐकला नव्हता. यंत्र म्हणालं, त्या महिन्यात विकणंच शहाणपणाचं दिसत होतं. आजोबा पाणीसुद्धा न पिता उठले. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' हे वाक्य लोक आता जरा जपून बोलू लागले आहेत.

माझं शिक्षण मराठी साहित्याचं. मला तिथे घेतलं ते गळती शोधायला. नंतरचा एखादा कागद चुकून आधीच्या ढिगात गेला की पुढचं भविष्य यंत्रात झिरपतं आणि ते फुकटचं शहाणं होतं. मी त्याला आडून आडून प्रश्न विचारते, आणि त्याला जे ठाऊक असायला नको ते ठाऊक निघालं, की चुकीचा कागद शोधून बाहेर काढते. जन्मभर पुस्तकं वाचल्याचा उपयोग अखेर अज्ञान राखायला झाला, असं मी एकदा अप्पांना म्हटलं होतं. ते म्हणाले होते, दोन कॉलम घालायला लाव आईला.

या वर्षी आई चिंचवडला दादाकडे जायचं ठरलं. घर विकलं गेलं. राहिल्या त्या माळ्यावरच्या 'भीमाकाठ'च्या फायली. पेपर बंद पडला तेव्हा मालकानं कचेरीतल्या फायली रद्दीत दिल्या होत्या, त्यामुळे पेपरचं जे काही उरलं होतं ते आमच्या माळ्यावर. दादाचा फोन आला की रद्दीवाला ठरवलाय. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, "तुझ्या त्या यंत्राला एकदा विचार की. अप्पांचं."

काय विचारायचं ते त्यानं सविस्तर सांगितलं, म्हणजे ते त्याच्या डोक्यात पुष्कळ दिवस तयार होतं. ऑगस्ट २०१०मध्ये सोलापुरातल्या एका वाचत्या माणसानं इमूत पैसे घालणं शहाणपणाचं दिसत होतं का? दिसत असेल, तर अप्पांचं नशीब वाईट होतं. तसं असेल तर आपण हा विषय सोडून देऊ, वर्षश्राद्धाला मोकळ्या मनानं बसू. आणि नसेल तर? मी विचारलं. तो म्हणाला, मग निदान मला कळेल की मी एवढी वर्षं उगाच चिडलो नव्हतो.

मला उत्तर 'हो'च हवं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. अशा वेळी आमच्याकडे ते काम दुसऱ्याकडे द्यायचा नियम आहे. मी दिलं नाही.

आमच्याकडच्या यंत्रानं मुंबई-पुण्याचे पेपर वाचले होते, सोलापूरचे नव्हते. अप्पांनी जे वाचलं ते त्यानं वाचल्याशिवाय प्रश्न न्याय्य झाला नसता. म्हणून फायली पुण्याला आणल्या आणि एकेक पान स्कॅनरखाली धरलं. मधूनमधून मी हसतही होते. "पेजर आला, टपाल खात्याचे दिवस भरले?" "पुढील वर्षी शहराला रोज पाणी : महापौर." हा दुसरा मथळा जवळजवळ दर उन्हाळ्यात होता, फक्त महापौर बदलत होते. कुठे कुठे कागदावर चहाच्या कपाची कडा उमटली होती. ती यंत्राला वाचता येत नाही.

ऑगस्ट २०१०चं यंत्र तयार झालं. मी प्रश्न टाकला. ते म्हणालं, नको, ही कंपनी बुडेल.

मला आनंद झाला, हे लिहायला हरकत नाही. 'बुडेल' हे इतक्या ठामपणे कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. याचा अर्थ गळती होती. शोधल्यावर सापडली : अप्पांनी एका फाइलला २०१२च्या पेपरचं कव्हर घातलं होतं, आणि चेअरमन पळाल्याची बातमी नेमकी त्यावर होती. मी ते पान काढलं, यंत्राला पुन्हा शिकवायला लावलं आणि आठवडाभर वाट पाहिली. मग पुन्हा विचारलं.

या वेळी ते नवख्यासारखं, जपून बोललं. "आजवर छापलेलं पाहता, नको. इमू विकणारे पुष्कळ दिसतात. इमूचं मांस किंवा अंडी विकत घेणारा एकही बातम्यांत नाही. नवा गुंतवणूकदार हेच या धंद्याचं गिऱ्हाईक दिसतं. सोलापूरच्या 'दैनिक भीमाकाठ'नं मार्चमध्ये हीच शंका काढली आहे : 'इमू सगळ्यांकडे, गिऱ्हाईक कुणाकडे?'"

हा मथळा कुणाचा, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी त्याला विचारलं, की हा मथळा देणाऱ्या माणसानंच पाच महिन्यांनी त्यात पैसे का घातले असतील? ते म्हणालं, "याचं कारण कुठे छापून आलेलं नाही." आणि मदत करायची म्हणून त्यानं काटीकरांबद्दल जे ठाऊक होतं ते सांगितलं : ते नुकतेच निवृत्त झाले आहेत, सत्काराला सभागृह भरलं होतं, प्रकृती उत्तम आहे, यापुढे ते निवांत लेखन करणार असल्याचं समजतं. मी लगेच यंत्र बंद केलं नाही. थोडा वेळ ते तसंच राहू दिलं.

शनिवारी सोलापूरला गेले. दादा आधीच येऊन भांडी खोक्यांत भरत होता. आई भिंतीला टेकून बसली होती आणि कुठलं पातेलं कुणाच्या लग्नात आलं ते सांगत होती. मी उत्तर सांगितलं. गळतीबद्दल सांगितलं, मग मथळ्याबद्दलही.

दादानं हातातला डबा खाली ठेवला.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं."

मी हो म्हटलं.

"मी समजत होतो भोळे आहेत," तो म्हणाला. "भोळ्या माणसावर एवढी वर्षं राग धरला म्हणून मला स्वतःची लाज वाटायची. आणि त्यांना ठाऊक होतं."

आई म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

हे वाक्य आम्ही तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की पुढचं कधी विचारलंच नव्हतं. मला आमच्याकडे येणाऱ्या त्या जोडप्यांची आठवण झाली, आणि मी विचारलं, "काय म्हटलं होतंस, आई?"

"अंबादासभाऊजींना नुसते पैसे द्या म्हटलं. पक्षी कशाला?" ती म्हणाली. "त्यांची नोकरी गेलेली, बायको अंथरुणावर. पाकीट घेऊन हे गेले होते त्यांच्याकडे. त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, रत्नाकर, भीक घालतोस होय? आणि मग कंपनीचे कागद घेऊन स्वतःच आले की दारात. नवा शर्ट घालून. पहिलंच गिऱ्हाईक शोधत होते."

दादा म्हणाला, "आणि सागवान?"

सागवानवाले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारे होते. कचेरीत संगणक आल्यावर जुळाऱ्यांचं सगळं खातं घरी गेलं, त्यातले. व्हॅनिलावाले पेस्टिंगचे, पानावर मजकूर चिकटवणारे. आईला सगळं पाठ होतं. ज्याचं काम गेलं तो कशाचा ना कशाचा एजंट व्हायचा, कारण तेव्हा तेवढंच मिळायचं, आणि ज्याला पहिलं गिऱ्हाईक मिळायचं तो उभा राहायचा. अप्पा पहिलं गिऱ्हाईक व्हायचे. पैसे बुडाले की समोरच्याची मान खाली जायची, तेव्हा अप्पा आपण होऊन सगळ्यांत मोठ्यानं हसायचे, मीच मूर्ख म्हणायचे. देणारा मूर्ख ठरला की घेणाऱ्यावर उपकार राहत नाही. हे शेवटचं वाक्य माझं आहे. आई एवढंच म्हणाली, की ह्यांना स्वतःचं हसं करून घेणं परवडायचं.

मला दहाव्याच्या दिवशीची ती सगळी माणसं आठवली. दादालाही आठवली असावीत. पण तो वेगळंच बोलला.

"आणि मी?"

आईनं पदरानं एक पातेलं पुसलं, जे आधीच पुसलेलं होतं.

"तेही म्हटलं होतं. पोराला निदान सांगा म्हटलं. हे म्हणाले, सोलापूर केवढं? सकाळी घरात बोललं की संध्याकाळी अंबादासच्या कानावर. हेमंतच्या हातात कसब आहे, तो आज ना उद्या उभा राहील, अंबादासला दुसरं दार नाही." तिनं ते पातेलं खोक्यात ठेवलं. "मी म्हटलं, उभा राहील, पण तुमच्याजवळ उभा राहणार नाही. त्या रात्री हे जेवले नाहीत."

दादा परसात गेला. खिडकीतून तो दिसत होता. चेअरमनचं कुंपण कधीच काढलं होतं, पण एक लोखंडी खांब राहिला होता. तो त्यानंच वेल्ड केलेला. दादा तो हलवून बघत होता, पक्का आहे का ते. मी बाहेर जायला निघाले, तर आईनं नुसता हात वर केला. मी बसले.

त्याला बरं वाटेल असं या सगळ्यात काही नव्हतं. अप्पा चुकले होते, यंत्रानं सांगितलं त्या बाबतीत नव्हे, दुसऱ्याच. ते मी त्याला सांगायची गरज नव्हती, आणि अप्पांच्या वतीनं माफी मागण्याचा अधिकार मला नव्हता. मी भाकऱ्या थापल्या. शेंगाची चटणी खोक्यात गेली होती, ती पुन्हा काढली.

आम्ही तिघं जेवायला बसलो. पाट खोक्यांत भरून झाले होते, म्हणून खाली अप्पांच्या फायलींतले, माळ्यावर मागे राहिलेले सुटे कागद पसरले होते. दादाच्या ताटाखाली महापौर पाणी देत होते. आईनं त्याला आमटी हवी का विचारलं, त्यानं वाटी पुढे केली. आमटी पडली तरी वाटी त्यानं तशीच धरून ठेवली.

मग ताटाकडेच बघत, त्याला न शोभणाऱ्या, अप्पांच्या त्या पेपरी आवाजात तो म्हणाला, "काटीकर पितापुत्रांत समेट, पिता गैरहजर."

हा त्याच्या आयुष्यातला पहिला मथळा होता. मी आईकडे बघितलं. तिच्या हातातली पळी पातेल्यावर थांबली होती. नेहमी घेई तेवढाच वेळ तिनं घेतला.

"आठ कॉलम," ती म्हणाली, आणि भात आणायला उठली.